माझ्या वाट्याचा बांध

आमच्याकडे पाहुणा आला की बॅग खोलीत जाण्याआधी मी त्याच्या हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या देते. समोर पनवेलची खाडी, तिचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट, आणि तिच्यापासून भाताची पाच खाचरं अलीकडे ही गोड्या पाण्याची विहीर. पाहुणा एक घोट घेतो, खाडीकडे बघतो, परत तांब्यात बघतो. त्याचा तो चेहरा बघायला मिळावा म्हणूनच मी हा उद्योग मांडलाय असं नवरा म्हणतो, आणि ते फारसं खोटं नाही.

उद्योग म्हणजे पर्यटकांना राहायला मातीच्या तीन खोल्या, एक पडवी, छपरावर सोलर, आणि आंघोळीचं पाणी केळी-कर्दळींपर्यंत नेणारा चर. एसी नाही, टीव्ही नाही. प्लॅस्टिकची बाटली फाटकातच अडवली जाते. मी तेवीस वर्षं पनवेलच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, मग नोकरी सोडून नवऱ्याच्या मागे लागले आणि ही जागा घेतली. नोकरी सुटली तरी शिकवायची खोड सुटली नाही. प्रत्येक खोलीत मी एक लाकडी पाटी रंगवून लावली होती: ‘इथे निसर्ग स्वतःची काळजी स्वतः घेतो. आपण फक्त मध्ये यायचं नाही.’ वाक्य माझंच. मला ते फार आवडायचं.

जमिनीबरोबर बांधाचा एक तुकडाही आमच्याकडे आला. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे, पुरुषभर उंच, माथ्यावर एका माणसाला चालता येईल एवढा रुंद. कुणाकुणाच्या पणजोबांनी चिखलावर चिखल रचून तो उभा केला. बांध फुटला तर खाडी शेतात येणार, आणि शेतात मुरलेलं खारं पाणी आज ना उद्या विहिरीत उतरणार. म्हणून गावाने त्याचे वाटे पाडलेत. ज्याचं शेत, त्याने आपल्यासमोरचा तुकडा सांभाळायचा. आमच्या वाट्याला दीडशे पावलं आली.

पहिल्याच वर्षी शेजारची मावशी आली. सत्तरीची आगरी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात कधी चप्पल नाही.

“बाय, अवस-पुनवेचा उधान झाला का बांधावर फिरत जा,” ती म्हणाली. “चिंबोऱ्या बिला करतान. ती बुजव.”

चिंबोरी म्हणजे खेकडा. मावशीला ठाऊक नव्हतं की ती कुणाशी बोलतेय. मी तिचा उभ्या उभ्या तास घेतला. खेकड्याच्या बिळामुळे माती श्वास कशी घेते, खेकड्यावर बगळे कसे जगतात, आणि आपण एक जीव हुसकला की सगळी साखळी कशी तुटते. शेवटी सांगितलं की माझ्या जागेत मी एकाही खेकड्याला त्रास होऊ देणार नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं,” म्हणाली आणि गेली.

मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, नीट समजावून सांगितलं की पटतं बघ लोकांना.

चार वर्षं बांध जसाच्या तसा राहिला. पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवायला न्यायचे. एकही बीळ बुजवलं नाही, तरी बघा कसा उभा आहे, म्हणायचे. ओहोटीच्या वेळी सकाळी मावशी कधीकधी आमच्या वाट्यावर दिसायची. एकदा धुक्यात ती इतकी सुंदर दिसली की मी फोटो काढला. वाकलेली मावशी, बगलेत गवताचा भारा, एक पाय किंचित दुमडलेला, मागे खाडी. तो मोठा करून, फ्रेम करून पडवीत लावला. कोण म्हणून पाहुण्यांनी विचारलं की सांगायचे, शेजारच्या मावशी, गुरांना गवत कापताहेत. पाहुणे म्हणायचे, किती निसर्गाशी एकरूप. मीही मान डोलवायचे.

पाचव्या वर्षी भाद्रपदातल्या अवसेला बांध फुटला.

भात पोटरीला आलं होतं. तिन्ही खोल्या भरलेल्या. त्यात रोडपालीहून आलेलं एक कुटुंब होतं, आणि त्यातल्या गृहस्थांनी सकाळीच मला एसीवरून दोन शब्द ऐकवले होते. दुपारी बाराच्या सुमाराला मी पानं वाढत होते. नवऱ्याने मागून हाक मारली. तो फार कमी बोलतो आणि कधी ओरडत नाही, त्यामुळे मी भाकरीची टोपली हातात घेऊनच धावले.

भरती पुरती चढली होती. आमच्या वाट्यात, बांधाच्या आतल्या अंगाला, मनगटाएवढी पाण्याची धार उडत होती. बघता बघता तिथे कळशी जाईल एवढं भोक पडलं. मग वरचा बांध खाली बसला. आवाज झालाच नाही, याचंच मला आजही नवल वाटतं. बैठकीत म्हातारं माणूस टेकतं तसा तो हळूच बसला, आणि खाडी आत आली.

मला आधी विहीर आठवली. खोटं कशाला बोलू? लोकांचं भात नंतर आठवलं. विहीर खारट झाली तर आमचं सगळंच संपलं. टँकरचं पाणी मागवून मी कसला निसर्ग दाखवणार होते? आणि धार जिथून उडाली तिथलं बीळ मला माहीत होतं. गेल्याच आठवड्यात मी पाहुण्यांच्या मुलांना तिथे नेऊन लाल नांगीचा खेकडा दाखवला होता.

नवरा जेसीबीसाठी फोन लावत होता, तेवढ्यात गावाकडून आरोळी आली, “खांड गेली!” बांध फुटला की इथे असंच म्हणतात. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं. तरी माणसं निघाली होती. फावडी, घमेली, बांबू, पेंढ्याचे भारे, सिमेंटच्या रिकाम्या गोणी घेऊन. एकाच्या गळ्यात द्रोणागिरीच्या गोदामाचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, एकीच्या हाताला तांदळाचं पीठ होतं. आणि सगळ्यांच्या मागून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून आणलेली मावशी. जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याकडे बघितलं.

“आता कुनी हात लावायचा नाय,” ती म्हणाली. “भरती हाय. पानी उतरू दे.”

मग सगळे बसले. जवळजवळ दोन तास. आयुष्यात मला इतकं अवघड काही गेलं नसेल. पहिलं खाचर बुडालं, दुसरं बुडालं, तिसऱ्यात चहाच्या रंगाचं पाणी पसरलं. नवऱ्याने चौथ्याच्या कडेला काठी रोवली आणि तो तिच्याशेजारी उभा राहिला. काठीपासून विहीर दोन खाचरांवर. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी कळशी भरून आणली आणि बांधावर बसलेल्यांना पाणी देत फिरले. मावशीनेही प्यायलं. तांब्या परत देताना म्हणाली, “गोड हाय,” आणि पुन्हा खाडीकडे बघू लागली.

काठी बुडाली नाही. पाणी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलं आणि मागे हटायला लागलं.

मावशीने नुसती मान हलवली आणि माणसं उठली. तोवर जेसीबी आला होता, पण तो रस्त्यावरच अडकला. या चिखलात तो चाकांसकट रुतला असता. चालक खाली उतरला, थोडा वेळ बघत राहिला, मग पँट वर दुमडून रांगेत शिरला. खाडीच्या तळापासून खांडीपर्यंत माणसांची रांग लागली होती. पुढच्यांनी बांबू ठोकले, त्यांना पेंढा गुंफला. मागचे फावड्याने चिखलाचे ठोकळे कापून हातोहात पुढे देत होते.

“तिवरांना हात लावू नका,” मावशी खुर्चीतून सांगायची. “लाटंला तीच आडवतान. त्यांच्या अलीकडचा निला चिखल काप. त्यात रेती नाय.”

तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, महत्त्व सांगणारा माझा एक तास होता. तिने तो दोन वाक्यांत संपवला.

मी रांगेत होते. ठोकळा हातात आला की सहा महिन्यांचं मूल घेतल्यासारखा जड वाटायचा, आणि तो छातीशी धरल्याशिवाय पुढे देता यायचा नाही. डावीकडून पीठ लागलेल्या हातांची बाई द्यायची, उजवीकडे एसीवाले गृहस्थ घ्यायचे. त्यांची बायको आणि आई पेंढा वाहत होत्या. कुणी हुकूम देत नव्हतं, कुणी गोंधळ घालत नव्हतं. कुणी दमला की रांगेतून निघायचा आणि त्याची जागा न सांगता भरायची. तेवीस वर्षं मी फळ्यावर वारुळं काढली, मुंग्या एकमेकींना ओझं कसं देतात ते शिकवलं. त्या दुपारी मी स्वतः त्या रांगेत होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. भीती मधेच कुठेतरी गळून गेली. आपण केवढ्या मोठ्या गोष्टीत उभे आहोत, एवढंच मनात येत होतं.

दिवेलागणीला खांड बुजली. शेवटी सगळे नव्या चिखलावर चढले, एकमेकांच्या खांद्याला धरून टाचांनी तो तुडवत पुढे-मागे चालले. मावशीची खुर्ची उचलली गेली आणि माणसं घरी गेली. कुणीतरी मला बोलेल म्हणून मी वाट बघत होते. बीळ कुणाच्या वाट्यातलं होतं ते सगळ्यांनाच दिसलं होतं. कुणीच काही बोललं नाही.

सकाळी नवऱ्याने पहिली बादली ओढली. आम्ही दोघांनी ओंजळीने पाणी प्यायलं. गोड होतं. मी विहिरीच्या काठावर बसून रडले.

चार दिवसांनी रव्याचे लाडू घेऊन मी मावशीकडे गेले. ती आत झोपली होती. सून ओट्यावर कोळंबी सोलत होती. मी बसले आणि चार दिवस डोक्यात घोळणारी गोष्ट बोलले.

“चार वर्षं काही झालं नाही गं. यंदाच कसं काय?”

तिने कोळंबीवरून नजर उचलली नाही. “आय जूनपासना झोपून हाय ना. तुमचा वाटा तीच बघायची.”

मला नीट कळलंच नाही. “म्हणजे?”

“बिला बुजवायची. दर उधानाला. तुमी चिंबोरीला हात लावायचा नाय बोललाव, मंग आय बोलली, बाय शिकलेली हाय, तिला नाय जमायचा, आपुन करू.”

कोळंबीचं टरफल ताटलीत पडत होतं. मी म्हटलं, “पण तुमचं शेतही तिकडे आहे ना, म्हणून...”

“आमचा शेत कवाच रस्त्यात गेला. तुमी यायच्या आधी. त्या दिवशी आलेली निम्मी माणसा तशीच, बांधामागं त्यांचा काय पन नाय.”

“मग आई कशाला करायची?”

आता तिने माझ्याकडे बघितलं. प्रश्न तिला समजला नसावा. “बांध हाय ना तो,” ती म्हणाली.

घरी येऊन मी पडवीतल्या फोटोसमोर उभी राहिले. मावशीकडे गुरं नाहीत. हे मला चार वर्षं माहीत होतं. बगलेतलं गवत नव्हतंच, भाताचा पेंढा होता, बिळात कोंबायचे बोळे करायला सोपा जावा म्हणून पिळून घेतलेला. आणि दुमडलेला वाटणारा पाय दुमडलेला नव्हता. तो घोट्यापर्यंत बांधात होता. ती टाचेने बीळ दाबत होती. माझ्या वाट्यातलं बीळ, आणि मी दहा पावलांवर उभी राहून तिला फ्रेममध्ये बसवत होते. खेकड्यांवरची माझी सगळी दया म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. मला इतकी लाज वाटली की नवरा पडवीत आला तेव्हा मी फोटोला पाठ करून उभी राहिले. लाजेमागून मात्र दुसरंच काहीतरी भरून आलं, आणि ते अजून ओसरलेलं नाही. ज्याला मी निसर्ग म्हणून पाहुण्यांना दाखवत होते, त्यातली बरीचशी मावशी होती.

खोल्यांतल्या पाट्या मी काढल्या. फोटो ठेवला. आता कुणी विचारलं की मी खरं ते सांगते.

पौर्णिमेचं उधाण ओसरल्यावर मी पहिल्यांदा माझ्या वाट्यावर उतरले. पेंढ्याचा बोळा चिखलात घोळायचा, बिळात कोंबायचा, वरून टाच द्यायची. दीडशे पावलांना अडीच तास लागले. कमरेचे तुकडे पडले. तशीच, चिखलाच्या पायांनी, मावशीकडे गेले. ती ओट्यावर, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती.

“मावशी, अकरा बिळं बुजवली,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली.

मी वळले. गल्लीच्या टोकाशी येऊन सहज मागे पाहिलं, तर सून बगलेत पेंढा मारून बांधाकडे निघाली होती. मी तिच्यामागे गेले. माझ्या वाट्यात तिने माझ्या नजरेतून सुटलेली आणखी सहा बिळं शोधून काढली, आणि प्रत्येकाशी थांबून, मी बघतेय याची खात्री करून, मगच टाच दिली.