आक्काच्या डोक्यातला डाग

आक्का माझी थोरली बहीण. तिच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे संभाजीनगरला लाइट दिली. रेडिएशनला आमच्या वाटूरकडे लाइटच म्हणतात. पुढे एमआरआय केला, तर डाग आधीपेक्षा मोठा दिसला.

तो रिपोर्ट सगळ्यांच्या आधी वाचला आक्काच्या दिरानं. जुन्या जालन्यात त्याचं कापडाचं दुकान. दाजी वारल्यापासून आक्काच्या घरात त्याचाच शब्द. इंग्रजीची अक्षरं जुळवता आली की डॉक्टर होता येतं, अशी त्याची समजूत. आक्का आत स्वयंपाक करत होती आणि हा ओसरीवर भावकी गोळा करून सांगत होता, "गाठ वाढली. लाइटीनं मेंदू जळाला. मी पहिल्यापासून सांगून राह्यलो. आता घरीच ठेवा." खिशातून कुठल्याशा बाबाची भुकटी काढली. सगळे माना डोलवत होते. मीही डोलवली. त्याची किळस आली, आणि माझीही.

आक्का पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "भाऊजी, मी अजून मेले न्हाई. मेल्यावर या." पुडी उचलून तिनं उकिरड्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी डागातला रक्तप्रवाह दाखवणारा आणखी एक स्कॅन करून घेतला. पडद्यावर डाग निळा होता.

"वाढणारी गाठ रक्त ओढते, मग इथं लाल दिसतं," त्या म्हणाल्या. "रेडिएशननं बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, सूज येते, डाग मोठा दिसतो. पण रक्त कमी असतं. शंभर टक्के सांगत नाही, पण ही बहुतेक सूजच आहे."

"मंग वाचले का मी?" आक्कानं विचारलं.

"आज घाबरायचं कारण नाही. गोळ्या देते, दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

दोन महिन्यांनी डाग लहान झाला होता. ऑपरेशननंतर जड झालेला डावा हात अजून तसाच आहे, पण शेतात ती रोज जाते.

दीर आता दुकानाच्या गादीवर बसून गिऱ्हाइकांना रक्तप्रवाह समजावतो. "मी तवाच बोल्लो होतो, ब्लड बघा म्हणून." ऐकणारे पुन्हा माना डोलवतात. घरी आला तर आक्का त्याला चहा देते. मी उठून गोठ्याकडे जातो.