माझ्या जागेवरची लुना

वर्ध्याच्या ग्राहक भांडाराच्या फाटकात एका शनिवारी मी माझी सायकल आडवी लावली आणि अख्खं आवार अडवून टाकलं. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. कारण होतं एक लाल लुना... आणि खरं सांगायचं तर लुनावाली.

माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. हातानं चालवायची तीनचाकी सायकल होती माझ्याकडे, तिच्यावर मी नालवाडीहून वर्ध्यात यायचे. घरी शिवणक्लास घ्यायचे, त्यामुळे दोरे, बटणं, शिवाय घरचं साखर-साबण-तेल... शनिवारची फेरी ठरलेली.

भांडाराला समोरून पायऱ्या होत्या, पण बाजूला पोत्यांच्या हातगाडीसाठी सिमेंटचा उतार केलेला होता. त्या उताराला लागून, कडुनिंबाच्या सावलीत, मॅनेजरनं चुन्यानं एक चौकोन आखला आणि आत लिहिलं, 'तीनचाकीसाठी राखीव'. तिथे सायकल लावायची, कुबडी काढायची आणि उतारावरून थेट दुकानात.

मॅनेजरचं नाव प्रमोद. सगळे त्याला प्रमोदभाऊ म्हणत, मी मात्र मॅनेजरसाहेब म्हणायचे... भाऊ म्हणायला माझी जीभ वळायची नाही. त्यानं स्वतः उकिडवं बसून माझ्यासाठी जागा आखली, या एका गोष्टीवर मी कितीतरी महिने खुशीत होते.

मग सुनंदा आली. शाळेत नव्यानं लागलेली मास्तरीण, हातात पर्स, बुडाखाली लाल लुना. सावली पाहून ती लुना नेमकी माझ्या चौकोनात लावायची, आणि मी तिकडे लांब, उन्हात, गिट्टीत कुबडी रुतवत चालत यायचे.

काय सांगू, किती जळायचे मी तिच्यावर! तिचे टाचेचे सँडल फरशीवर टकटक वाजायचे. माझ्या पायात लोखंडी पट्ट्यांचा तो जड बूट... लुना स्टँडवरून ढकलताना ती क्षणभर एका पायावर उभी राहायची, तेवढंच मी टक लावून बघत बसायचे.

आणि प्रमोद काउंटर सोडून बाहेर यायचा. तिची पिशवी लुनाला अडकवून द्यायला. माझी पिशवी मी दातात धरून आणत होते, ती त्याला दिसत नव्हती.

एकदा धीर करून म्हटलं, "मॅनेजरसाहेब, माझ्या जागेवर त्या बाई लुना लावतात."

"अवो, पाच मिनिटाचं काम असते त्यायचं," तो हसत म्हणाला. "तुम्ही तं समजदार आहे ना."

तो आठवडाभर माझी एक शिलाई सरळ गेली नाही. पुढच्या शनिवारी आले तर लुना पुन्हा तिथेच, ऐटीत. मी सायकल वळवली आणि फाटकातच आडवी लावली.

थोड्या वेळात आत स्कूटरवाले, सायकलवाले, एक भाजीचा ठेला, सगळे अडकले. "ओ बाई, काऊन रस्ता अडवून राह्यल्या?" एक जण ओरडला. मीही ओरडले, "माझी जागा खाली करून द्या, मी हटते! त्या लुनावालीले इचारा!"

सुनंदा पळतच बाहेर आली. मी भांडणाची पूर्ण तयारी करून बसलेली, आणि ही विचारते, "काय झालं ताई? बरं नाई वाटून राह्यलं का?"

"लुनाखाली काय लिहिलं आहे, मास्तरीणबाईले वाचता येते का?" मी म्हटलं.

तिनं लुना बाजूला ओढली, वाकून पाहिलं. अक्षरं चाकांनी घासून पार पुसट झाली होती. ती उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मी पहिल्याच दिवशी इचारलं होतं प्रमोदभाऊले, हे काय आहे म्हणून. तं म्हणाले, जुनं आहे ते. आता कोणी येत नाई."

कोणी येत नाही... मी दर शनिवारी येत होते. त्याच्याच हातून साखर घेत होते.

प्रमोद दारात उभा होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी कुणाच्या पायी कुणावर जळत होते, ते तेव्हा कळलं... फार लागलं ते.

सुनंदानं लुना उन्हात नेऊन लावली. परत येऊन म्हणाली, "प्रमोदभाऊ, चुना आहे ना आत? आना. आत्ताच." आणि कमरेवर हात ठेवून, साऱ्या लोकांदेखत, त्याच्याकडून तो चौकोन पुन्हा आखून घेतला. "मोठ्ठं लिहा. फाटकातून दिसलं पाहिजे."

त्यानंतर तिची लुना कायम उन्हात. सीटचा तवा व्हायचा, ती त्यावर वर्तमानपत्राची घडी टाकून बसायची, आणि ते पाहून मला... हो, अजूनही जरा बरंच वाटायचं.

एकदा तिनं मला उचलून मागे बसवलं आणि सेवाग्रामच्या रस्त्यानं चक्कर मारून आणली. दंडाला जोर न लावता रस्ता मागे सरकतो, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. उतरल्यावर मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही, इतकी जळले होते.

पुढे तिची बदली झाली, पत्ता राहिला नाही. कुठे हे वाचत असशील तर ऐक सुनंदा... तुझा हेवा मी पोटभर केला. पण त्या दिवशी भरल्या आवारात माझ्या बाजूनं बोलणारी तू एकटीच होतीस.