मधल्या बोटावर उभा घोडा

प्राणिशास्त्राचे आमचे सर घोड्याचा पाय फार छान शिकवत, एवढं मान्य करते. टेबलावर हात उभा धरून बाकीची बोटं मिटायची आणि फक्त मधलं टेकवायचं. "घोडा असा उभा असतो. खूर म्हणजे या बोटाचं नख. लोक ज्याला पुढचा गुडघा म्हणतात, ते त्याचं मनगट." त्याचे पूर्वज जंगलातले, कुत्र्याएवढे, पायाला तीन-चार बोटं असलेले. माळावर पळणाऱ्या पिढ्यांमध्ये बाजूची बोटं लहान होत गेली आणि सगळा भार मधल्या बोटावर आला. आम्ही वेड्यासारखे ऐकत बसायचो.

धरमपेठेतून कॉलेजला सर आणि मी एकाच टांग्यानं जायचो. घोडा काळा होता, हे त्याचं दुर्दैव. विभागप्रमुखपदाची मुलाखत तोंडावर आली आणि कोणीतरी सरांना साडेसाती सांगितली. झालं! विज्ञानाचे हे महामेरू काळ्या घोड्याच्या नालेच्या अंगठीमागे लागले. नाल आपोआप निखळलेली लागते म्हणतात, पण तेवढा धीर कुणाला? एका शनिवारी सकाळी त्यांनी टांगा थेट नालबंदाकडे वळवायला लावला.

टांगेवाल्याचं घर त्या एका जनावरावर चालायचं. तो गयावया करत म्हणाला, "पक्की हाये जी अजून. काहून काढता? जनावर लंगडंन."

"काही होत नाही गा!" सर म्हणाले.

उजव्या पायाची नाल निघाली. टांगेवाला दुसरी ठोकून मागू लागला, तर सर खेकसले, "आज शनिवार आहे. आज लोखंड विकत घेतलं तर सगळं वाया जाईल."

मला राहवलं नाही. "सर, खूर म्हणजे नख आहे ना? सडकेवर फाटेल. तुम्हीच शिकवलंत."

"ते परीक्षेपुरतं," सर म्हणाले आणि टांग्यात चढून बसले.

एप्रिलची तापलेली डांबरी सडक, आत आम्ही दोघं. विद्यापीठाच्या चढावर खूर फाटला. मी उतरले. सर बसून राहिले, घड्याळ बघत. त्या माणसाची मला इतकी किळस कधीच आली नव्हती.

फाटलेला खूर नखासारखाच सावकाश वाढतो. टांगा पावसाळाभर टांगेवाल्याच्या दारात उभा राहिला आणि तो लकडगंजात, लाकडाच्या वखारींवर हमाली करू लागला. सरांना पद मिळालं. मधल्या बोटात अंगठी घालून तो धडा ते पूर्वीइतकाच छान शिकवत राहिले.

दिवाळीनंतर टांगेवाला घोडा जुंपून पुन्हा सरांच्या दारात आला. घोडा अजून जरासा लंगडत होता. सरांनी त्याला परत पाठवलं.

"लंगडं जनावर मले पाहवत नाही," ते मला म्हणाले.