भिंतीकडेची जागा

गेल्या शनिवारी सकाळी नाशिकच्या आमच्या चर्चमध्ये मी रविवारच्या गीतांचे नंबर फळ्यावर लावत होतो. मी मंडळीचा सेक्रेटरी... रिटायर्ड गणिताचा मास्तर, त्यामुळे स्वभावाने हट्टी. कमिटीत कुणी काही नवीन सुचवलं की मी शास्त्राकडे, म्हणजे बायबलकडे बोट करून एवढंच म्हणतो, "वचन दाखवा." तरुण मंडळी माझ्या पाठीमागे मला 'वचन दाखवा सर' म्हणतात हेही मला ठाऊक आहे.

तेवढ्यात पाळकसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. निफाडकडचं एक कुटुंब आलं होतं, द्राक्षबागेत काम करणारं, आमच्याच मंडळीतलं. त्यांची अकरा दिवसांची मुलगी पहाटे दवाखान्यात वारली होती... बाप्तिस्मा पुढच्या रविवारी ठरला होता.

त्यांचं मागणं मोठं नव्हतं. बाळाला आजोबांच्या कबरीशेजारी ठेवावं, प्रार्थना व्हावी आणि घंटा वाजावी.

आमच्याकडे जुनी रीत आहे. माणूस गेला की वयाची जितकी वर्षं तितके टोले द्यायचे. पण बाप्तिस्मा न झालेलं बाळ असेल तर टोला नाही, उपासना नाही, आणि जागा कबरस्थानाच्या मागच्या भिंतीकडेला.

पाळकसाहेब नवीन आणि वयाने लहान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरलेलं बोललो... अशा बाळांच्या दफनाबद्दल शास्त्र काही सांगत नाही, आणि जिथे शास्त्राचा आधार नाही तिथे आपण पाऊल टाकू नये. आवाज तेवढा मऊ ठेवला.

बोलली ती बाळाची आजी, एस्तेरबाई. या बाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण ऐकून ऐकून अर्धं शास्त्र तिला पाठ आहे.

"सर, शास्त्रात नाय म्हणता, तर नसंल. पण भितीकडं पुरा, घंटा वाजवू नका, हे तरी कुठं लिव्हलंय? तेवढं वचन दाखवा, मग मी गप बसते."

टेबलावरचं शास्त्र मी खरंच उघडलं. पानं उलटत राहिलो... मास्तर ना मी, उत्तर येत नसलं तरी पुस्तक उघडायची सवय. पण तसं वचन त्यात नाही हे मला पहिल्या पानालाच माहीत होतं.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या भिंतीकडेला आमचीही मुलगी आहे. चार दिवसांची होती... एकतीस वर्षं झाली.

चर्चच्या तेव्हाच्या वडीलमंडळींनी मला हेच सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. शालिनीने, माझ्या बायकोने, एकदाच विचारलं होतं, "एक टोला तरी?" मी म्हणालो, शास्त्रात नाही. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्यानंतर ही रीत सगळ्यात जास्त जपली ती मीच. कारण ती चुकीची ठरली असती, तर मी माझ्या लेकीसाठी तोंड उघडायला हवं होतं आणि उघडलं नाही, हे कबूल करावं लागलं असतं. मला त्याची भीती वाटत होती. एवढंच.

मी शास्त्र मिटलं आणि पाळकसाहेबांना म्हणालो, "आजोबांच्या शेजारीच जागा करू या." त्यांनी उठून उपासनेचा झगा घातला.

दुपारी प्रार्थना झाली, चार खांदे लागू नयेत एवढी छोटी पेटी बापाने स्वतःच उचलली. मी घंटेच्या दोरीपाशी गेलो. वर्षाचा एक टोला... आणि बाळाचं तर वर्षही भरलं नव्हतं. हिशेब न करता मी एक टोला दिला.

दोरी सोडणार तोच मागून आवाज आला. शालिनी शनिवारी वेदीवर फुलं लावायला येते. हातात शेवंती तशीच धरून ती दारात उभी होती.

"अहो, आणखी एक द्या."

मी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली...

शास्त्र काही ठिकाणी गप्प का आहे, मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या गप्प राहण्याला मी इतकी वर्षं देवाचा नकार म्हणत आलो, आणि तो नकार माझा होता. एस्तेरबाई, तुमच्या घरात एवढं दुःख असताना तुम्ही मला हे दाखवलंत, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी उरलेली शेवंती घेऊन आम्ही दोघं भिंतीकडे गेलो. मला लेकीची जागा शोधावी लागेल असं वाटलं होतं... शालिनी सरळ चालत जाऊन तिथे बसली.