पाठ असलेली ओळ

एका रविवारी दुपारी पुण्यातल्या एका कॅफेत चौघांचा रॉक बँड वाजवत होता. ऐकायला आम्ही नऊ जण होतो आणि त्यातलेही दोघे नुसते जेवायला आलेले. अगदी पुढे पन्नाशीच्या एक बाई स्टँडवर कॅमेरा लावून उभ्या होत्या. मला वाटलं, गायकाची आई असेल.

"नाही हो," मध्यंतरात मी तसं विचारल्यावर त्या म्हणाल्या. "मी यांची कुणीच नाही. मला यांची गाणी आवडतात आणि यांना कुणी विचारत नाही. म्हणून वाजवतील तिथे जाते आणि शूटिंग करते."

"मग ते बघतं कोण?"

"कधी कधी मी एकटीच," त्या हसल्या.

मध्यंतरानंतर एका संथ गाण्यात गायक अडकला. त्याला शब्दच आठवेनात. गिटारवाला तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. तेव्हा बाईंनी कॅमेऱ्यावरची नजर न काढता पुढची ओळ म्हटली, बेसूर पण खणखणीत. गायकाने ती उचलली आणि गाणं पुढे सरकलं.

दाद म्हणजे टाळ्या, एवढंच मी आजवर समजत आलो होतो. आपलं गाणं दुसऱ्या कुणाला आपल्यापेक्षा जास्त पाठ असणं, ही केवढी दाद!

कार्यक्रम संपल्यावर गायक ओशाळून त्यांच्याजवळ आला. "काकू, तेवढं कापून टाका ना. माझी फजिती दिसेल."

"कापते की," वायर गुंडाळत त्या म्हणाल्या. "पण मग माझा आवाजही जाईल रे."

"मग राहू द्या," तो म्हणाला.