एअर फिल्टरचे झबले

पडद्यावर पुन्हा लाल अक्षरे उमटली आणि गुप्ते साहेबांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष चष्म्याचाच होता.

खरे तर एवढेही लिहिण्याआधी मी वाचकांची क्षमा मागायला हवी होती. माझी सारी नोकरी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत रिपोर्ट लिहिण्यात गेली, आणि रिपोर्टमध्ये विशेषणे चालत नाहीत. साठी उलटल्यावर काही सांगू पाहणे माझ्यासारखीला शोभते की नाही, याची मला खात्री नाही. प्रसंग मात्र माझ्यासमोर घडलेला आहे, एवढाच माझा आधार.

निवृत्तीनंतर मी बदलापूरच्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाशेजारी, पीयूसी सेंटर चालवते. काम सोपे आहे. गाडी गरम असताना इंजिन चालू ठेवायचे, सायलेन्सरच्या तोंडात नळी घालायची आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते पाहायचे. हा वायू म्हणजे अर्धवट जळलेले पेट्रोल. रॉकेलच्या स्टोव्हला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि पातेल्याचे बूड काळे होते, तसेच हे. आकडा मर्यादेत असला तर सर्टिफिकेट निघते. नसला तर मी काहीही करू शकत नाही.

गुप्ते साहेबांची गाडी जुन्या काळची, कार्ब्युरेटरची. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळणारा भाग. हल्लीच्या गाड्यांत हे काम कॉम्प्युटर करतो. साहेब आनंदनगर एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात मेंटेनन्स ऑफिसर होते. या गाडीला त्यांनी गॅरेज दाखवलेले नाही. दर रविवारी ते स्वतः बॉनेट उघडतात. गाडी चालवतात मात्र गुप्ते वहिनी.

"यांना गिअरबॉक्स कळतो, रस्ता कळत नाही," असे वहिनी सर्वांसमोर सांगतात, आणि साहेब मान हलवून दुजोरा देतात.

या वेळी प्रश्न नेहमीचा नव्हता. गाडीचे रजिस्ट्रेशन महिनाअखेरीस संपत होते. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवायची होती, आणि पीयूसीशिवाय तिथे कोणी बॉनेटसुद्धा उघडून पाहणार नव्हते. त्यांच्या पुण्याच्या मुलाने उल्हासनगरच्या भंगारवाल्याशी बोलूनही ठेवले होते. पण वहिनींची थोरली बहीण जांभूळ गावी एकटी असते, अंथरुणाला खिळलेली. वहिनी दर गुरुवारी तिच्याकडे डबा घेऊन जातात, तिला न्हाऊ घालतात, आणि संध्याकाळी परततात.

"मुलगा म्हणतो, नवी घ्या," वहिनी मला म्हणाल्या. "या वयात मी कुठे नवी गाडी शिकू? हिचा क्लच माझ्या पायाला ओळखतो."

पहिल्यांदा फेल झाल्यावर साहेबांनी प्लग बदलले. दुसऱ्या खेपेस ते उल्हासनगरला जाऊन आले. दुकानदाराने "साईं, इसका माल अब कौन रखता है" म्हणत माळ्यावरून कार्ब्युरेटरचे किट शोधून दिले. साहेबांनी कार्ब्युरेटर उघडला, धुतला, बसवला. आकडा थोडा खाली आला, पण पुरेसा नाही. ही तिसरी खेप होती.

"मिक्श्चर स्क्रू?" मी विचारले. पेट्रोलचे प्रमाण कमी-जास्त करणारा तो छोटा स्क्रू.

"पूर्ण आत आहे, मॅडम. आता आणखी आत गेला तर पलीकडून बाहेर येईल."

त्यांनी जुना प्लग खिशातून काढून दाखवला. त्याचे टोक काजळीने काळे होते. पेट्रोल कमी करून झाले, तरी ज्योत पिवळीच.

रांगेतला रिक्षावाला कंटाळला होता. "मॅडम, कशाला टेन्शन घेता? नळी माझ्या रिक्षाला लावा, सर्टिफिकेटला फोटो काकांच्या गाडीचा काढा. मॅटर खतम."

मी काही बोलण्याआधी साहेबच म्हणाले, "ताप मला, आणि थर्मामीटर तुझ्या तोंडात?"

"मग काका, भंगारात तरी टाका ना!"

वहिनींनी स्टिअरिंगवरून मान बाहेर काढली. "आधी तुझा हॉर्न नीट कर. मघाशी मागून आलास तेव्हा मला वाटलं, शेळी आली."

रिक्षावाला हसून चहाला गेला.

मी म्हटले, "साहेब, एअर फिल्टर पाहू या का?" कार्ब्युरेटरमध्ये जाणारी हवा ज्यातून गाळली जाते तो फिल्टर.

"फिल्टर स्वच्छ आहे."

"तरी एकदा..."

"दर रविवारी मी स्वतः साफ करतो, मॅडम. त्यात पाहण्यासारखं काही नाही."

त्यांचा स्वर किंचित चढला. इतका सौम्य माणूस एवढ्याशा झाकणापायी आवाज चढवतो, याचे मला नवल वाटले. प्रयोगशाळेत असताना मी शिकले होते की ज्या बाटलीचे बूच काढायला कोणी नको म्हणते, तिचाच नमुना आधी घ्यावा. पण हे साहेबांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी नुसती बॉनेटपाशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी निमूटपणे झाकणाचा नट सोडवला.

आत फिल्टरला झबले घातलेले होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. जाड पांढऱ्या कापडाचे, काठाला लाल पट्टी, आत इलॅस्टिक, टाके अगदी बारीक आणि सरळ.

कापड मी लगेच ओळखले. आमच्याकडे ज्या घरात कोणी केमिकल कारखान्यात होते, त्या घरात फिल्टर क्लॉथचा तुकडा हमखास सापडतो. कारखान्यात त्यातून रंगाचा गाळ दाबून काढतात. कोऱ्या थानाची उरलेली टोके लोक घरी आणतात, आणि त्यांची पायपुसणी, पिशव्या, मिक्सरची कव्हरे होतात. साहेबांच्या निवृत्तीच्या वेळी असाच एक मोठा तुकडा घरी आला होता.

"आनंदनगरचा रस्ता खणला होता तेव्हा फार धूळ होती," साहेब हळू आवाजात म्हणाले. "हिने शिवलं."

"आणि तुम्ही ते धुता?"

"दर रविवारी. गरम पाण्यात."

ते जाड सुती कापड होते. गरम पाण्याने ते दर वेळी थोडे थोडे आटले, वीण घट्ट होत गेली. मी ते तोंडाशी धरून फुंकर मारली. पलीकडच्या तळहाताला काही लागले नाही. गाडी कित्येक महिने उशी तोंडावर धरून श्वास घेत होती.

"हे न घालता पाहू या," मी म्हटले.

साहेब गाडीकडे पाठ करून कुजबुजले, "पाहू, पण तिला सांगू नका. तिने मुद्दाम बसून शिवलंय. घरी गेल्यावर मी गुपचूप परत घालीन."

त्यांना वाटले तितके ते हळू बोलले नव्हते.

"अहो!" वहिनी दार उघडून बाहेर आल्या. "मला कुठे हवंय ते? उरलेल्या कापडाचं गंमत म्हणून शिवलं होतं. मी पुढच्याच आठवड्यात काढणार होते. पण तुम्ही ते धुऊन दोरीवर वाळत घालता, इस्त्री करता! मला वाटलं, यांचा जीव आहे त्यात."

"मला वाटलं, तुझा."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मी उगाचच यंत्राची नळी पुसू लागले.

झबल्याशिवाय गाडी सुरू केली, तर ती खोकली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"घ्या, रुसली," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

साहेबांचा मात्र उजळला. "स्क्रू पूर्ण आत आहे ना! आता हवा भरपूर, पेट्रोल कमी. उपाशी आहे ती. तू रेस धर." लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन ते वाकले. डोळे मिटले. "सोड... हळू... आता सोड." स्क्रू ते इंजिनाच्या आवाजावर फिरवत होते आणि मी पडद्यावरचा आकडा वाचत होते. त्यांनी "बस" म्हटले, आणि त्याच सुमारास मीही "थांबा" म्हटले. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. इंजिन इतके शांत चालले होते की वहिनींनी ते बंद पडले समजून पुन्हा चावी फिरवली. करकर आवाज झाला.

"अगं, चालू आहे!" साहेब ओरडले. मी त्यांना एवढ्या आनंदात ओरडताना पहिल्यांदाच ऐकले.

सर्टिफिकेट निघाले. पुढे रजिस्ट्रेशनही झाले. भंगारवाल्याला मुलाने काय सांगितले, मला माहीत नाही. गुरुवारी गाडी माझ्या सेंटरवरून जांभूळकडे जाते, हे माहीत आहे.

निघताना वहिनींनी झबले झटकून घडी केले. "लोणच्याच्या बरणीला दादरा होईल."

"पेट्रोलचा वास येईल," साहेब म्हणाले.

"तुमच्या हातांनाही येतो. जेवता ना त्याच हातांनी?"

माझे यंत्र धुरातला वायू मोजते. तो का वाढला, हे त्याला कळत नाही. ते माणसांना विचारावे लागते, आणि शक्यतो दोघांना एकत्र उभे करून. घरी दुरुस्त केलेली जुनी गाडी आली की आता मी तिच्यात काय बसवले आहे यापेक्षा कोणासाठी बसवले आहे, हे आधी विचारते.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू आहे का, जी दोघांनाही नको आहे आणि दोघेही एकमेकांसाठी जपत आहेत?