एका हाताची चित्रं

हैदराबादला अंबरपेठेत दादाला डायलिसिसला घेऊन जायचो, तेव्हा मी लॅपटॉप बरोबर न्यायचो. आमच्या घराण्याच्या गोष्टी लिहायच्या होत्या. शीर्षक टाइप झालं होतं. पुढे मी फक्त त्याचा फॉन्ट बदलत बसायचो. "घराणं तिथंच संपलं का रे?" दादा पलंगावरून विचारायचा.

शेजारच्या पलंगावर साठीच्या एक बाई असायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. डाव्या हातात सुया, पोटावर उशी, उशीवर टॅब्लेट आणि उजव्या हातात त्याचं पेन. हैदराबादेत वाढलेल्या नातीला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्या आपल्या गावाची गोष्ट नुसत्या चित्रांत सांगत होत्या.

"लॅपटॉपवर मोठं दिसेल," मी उगाच शहाणपणा केला.

"त्याला दोन हात लागतात, भाऊ. माझा एक मशीनकडं असतो."

पुढे त्यांच्या डाव्या हाताची नस निकामी झाली. सुया उजव्या हातात आल्या, त्या दिवशी नर्स टॅब्लेट उचलून ठेवायला लागली. "अम्मा, अब आराम करो."

"नक्को बेटा. इस हात कू दे," त्यांनी डावा हात पुढे केला.

त्या हातानं त्या बैल काढू लागल्या. रेघ थरथरली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. मी लॅपटॉप मिटून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"लंगडतोय ना? लंगडू दे. गावाला पोचला म्हणजे झालं."